टॉर्च पुढे गेल्यावर मेश परत जाड कोण करणार? वेल्डिंग सिम्युलेशनसाठी अ‍ॅडाप्टिव्ह लायब्ररी निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका लहान फर्ममध्ये तुम्ही वेल्डिंगचं सिम्युलेशन करता. कोड घरचाच, सी प्लस प्लसमधला. मेश, म्हणजे पार्टचे पाडलेले लहान तुकडे (एलिमेंट), जीमेश या साधनातून येतो, सगळा टेट्राचा, म्हणजे चार बाजूंच्या तुकड्यांचा. टॉर्च सरकत असल्यामुळे अख्ख्या सीमच्या (जोडाच्या रेषेच्या) कडेने मेश बारीक ठेवावा लागतो आणि रात्री लावलेला रन सकाळच्या चहापर्यंत संपत नाही. म्हणून अ‍ॅडाप्टिव्ह मेश रिफाइनमेंट, म्हणजे गरज असेल तिथे आणि तेव्हाच मेश बारीक आणि बाकी जाड (मोठ्या तुकड्यांचा), घालायचं ठरलंय. डील-टू, एमफेम, लिबमेश आणि पी-फॉरेस्ट या लायब्ररींपैकी काय घ्यावं, आणि यात सगळ्यात फास्ट कोणती, असं तुम्ही विचारलंत.

"फास्ट"चा मुद्दा आधी बाजूला ठेवू. पी-फॉरेस्टवाल्यांनी २०११ च्या पेपरात दोन लाख वीस हजारांहून जास्त कोअरवर कोड चालवून दाखवला होता. तुमच्याकडे फार तर बत्तीस कोअरचं वर्कस्टेशन असेल, माझ्याकडेही तेवढंच आहे. त्या पातळीवर मेश बदलायला लागणारा वेळ सॉल्व्हरच्या वेळेपुढे किरकोळ असतो. सातपूरला बसून सतरा वर्षं हे काम करते आहे. लायब्ररीचा वेग कमी पडला म्हणून प्रोजेक्ट अडकलेलं मी एकदाही पाहिलं नाही. अडकतं ते दुसरीकडेच.

कुठे अडकतं, ते आकड्यांत दाखवते. समजा २०० × १०० × १२ मिलिमीटरची प्लेट आहे आणि मधोमध लांबीच्या दिशेने एक सीम आहे. वेल्ड पूल (टॉर्चखालचं वितळलेल्या धातूचं डबकं) पाच-सहा मिलिमीटर रुंद, म्हणजे त्याच्यापाशी एलिमेंट अर्ध्या मिलिमीटरचा हवा. सगळीकडे अर्धा मिलिमीटर ठेवला तर ४०० × २०० × २४, म्हणजे १९ लाख २० हजार हेक्सा (विटेसारखे सहा बाजूंचे एलिमेंट) होतात. आता चार मिलिमीटरचा जाड मेश घ्या: ५० × २५ × ३, फक्त ३७५०. त्याला टॉर्चजवळ तीन वेळा विभागलं की चाराचा अर्धा होतो. पुलाभोवती १६ × १२ × ८ मिलिमीटरचा ठोकळा अर्ध्या मिलिमीटरचा, त्याबाहेर एक मिलिमीटरचा थर, मग दोनाचा, मग चाराचा, असा हिशोब केला तर एकूण एलिमेंट २१ हजारांच्या आत बसतात. एकोणीस लाखांच्या जागी एकवीस हजार. वेळ काही नव्वद पटीने उतरत नाही, कारण दर थोड्या स्टेपनंतर मॅट्रिक्सची रचना नव्याने बांधावी लागते आणि टॉर्चमागचा गरम पट्टाही थोडा बारीक ठेवावा लागतो. आमच्याकडे फरक साधारण पंधरा-वीस पट पडला. रात्रभराचा रन जेवणाच्या सुट्टीत उरकायला तेवढा पुरतो.

पण हे एकवीस हजार टिकतात कधी? टॉर्च पुढे सरकल्यावर मागचे एलिमेंट परत जुळवून जाड केले तरच. ते केलं नाही तर टॉर्च दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत अख्खी सीम अर्ध्या मिलिमीटरची होऊन बसते, म्हणजे आज तुमच्याकडे आहे तीच परिस्थिती, वर अ‍ॅडाप्टिव्हिटीचा खर्च वेगळा. तेव्हा मेश बारीक कोण करतं याचा शोध घेऊ नका, ते सगळेच करतात. परत जाड कोण करतं, आणि जाड करताना तुमच्या नोडवरचं (एलिमेंटच्या कोपऱ्यांवरचं) तापमान आणि गॉस पॉइंटवरचा (एलिमेंटच्या आतल्या हिशोबाच्या बिंदूंवरचा) प्लास्टिक स्ट्रेन, म्हणजे कायमची विकृती, कुठे जातो, हे विचारा. या दोन उत्तरांवरून यादी आपोआप आखूड होते.

माझी निवड आधीच सांगून टाकते. पार्ट हेक्सामध्ये बसत असेल तर डील-टू. बसत नसेल आणि टेट्रा सोडणं शक्यच नसेल तर लिबमेश. एमफेम कुठे सरस ठरते ते पुढे येईल. पी-फॉरेस्ट एकटी घेऊ नका. मात्र तुमच्या पार्टचं एकही चित्र मी पाहिलेलं नाही, म्हणून हे मत का आहे ते नीट सांगते; तुमची परिस्थिती वेगळी असेल तर त्यावरून तुम्हीच ते बदलू शकाल.

टेट्रापासून सुरू करू, कारण खरं गाडं तिथेच आहे. टेट्रा बारीक करायचे दोन रस्ते आहेत. एकात कड दुभागायची, शेजाऱ्याचीही दुभागायची आणि मेश सांधेजोड ठेवायचा, कुठेही अर्धवट नोड नाही. फेनिक्स या लायब्ररीची नवी आवृत्ती, डॉल्फिनएक्स, अशीच चालते. तुमचा जुना असेंब्लीचा (एलिमेंटची समीकरणं एकत्र जोडणारा) कोड एका ओळीचाही बदल न करता या मेशवर चालेल, म्हणून हा रस्ता मोहात पाडतो. पण यात परतीची वाट नाही. डॉल्फिनएक्स बारीक करते, जाड करत नाही. एमफेममध्येही जाड करण्याची सोय नॉन-कन्फॉर्मिंग, म्हणजे सांधेजोड नसलेल्या मेशलाच आहे, सांधेजोड टेट्राला नाही. सरकत्या टॉर्चसाठी दोन्ही बाद.

दुसऱ्या रस्त्यात एक एलिमेंट आठ पोरांत विभागायचा आणि शेजाऱ्याला हात लावायचा नाही. मग शेजाऱ्याच्या कडेच्या मधोमध एक नोड लटकत राहतो, तोच हँगिंग नोड. त्याला स्वतःचं स्वातंत्र्य नसतं. लिनिअर एलिमेंटमध्ये कडेवरच्या हँगिंग नोडचं तापमान म्हणजे दोन टोकांच्या तापमानाची सरासरी, आणि हेक्साच्या फेसच्या (बाजूच्या) मध्यावर असेल तर चार कोपऱ्यांची सरासरी. ही बंधनं असेंब्लीत पाळावी लागतात. पोरं आपल्या बापाची ओळख धरून असतात, त्यामुळे आठ भावंडं एकत्र आली की बाप परत उभा राहतो आणि मेश जाड होतो. एकच पथ्य: शेजाऱ्या-शेजाऱ्यांत एका पातळीपेक्षा जास्त फरक नको. टू-टू-वन बॅलन्स म्हणतात तो हाच. डील-टू, लिबमेश, एमफेमचा नॉन-कन्फॉर्मिंग मोड आणि पी-फॉरेस्ट, सगळ्या याच झाडाच्या रचनेवर चालतात.

फरक असा की पी-फॉरेस्टला फक्त झाड कळतं. कुठला एलिमेंट कोणत्या पातळीवर, शेजारी कोण, कोणत्या प्रोसेसरकडे किती, एवढंच ती सांगते, आणि ते फार चोख सांगते. शेप फंक्शन, बंधनं, असेंब्ली, सॉल्व्हर यातलं काहीही तिच्यात नाही. डील-टू समांतर मेशसाठी आतून पी-फॉरेस्टच वापरते. घरचा कोड वाचवण्यासाठी पी-फॉरेस्ट थेट त्याला जोडायची, हा विचार मीही केला होता. सात महिने गेले आणि शेवटी माझ्याकडे डील-टूची एक अर्धवट, चुकांनी भरलेली नक्कल तयार झाली. फेसच्या ओरिएंटेशनमुळे ज्या तीन रात्री गेल्या त्यांची आठवण आजही नकोशी वाटते. शिवाय ती टेट्रा घेतच नाही. टेट्रा, प्रिझम, पिरॅमिडसाठी त्याच विचाराची टी-एट-कोड नावाची लायब्ररी आहे, पण एलिमेंटचं गणित तिथेही तुम्हालाच लिहावं लागेल.

तिसरा रस्ता रीमेशिंगचा: दर काही स्टेपनंतर एमएमजीसारख्या साधनाने पूर्ण नवा टेट्रा मेश बनवायचा. अवघड आकारांना हे छान जमतं, आणि सांगाल त्या दिशेने ताणलेले एलिमेंटही मिळतात. तुमच्या कामात मात्र दर वेळी जुन्या मेशवरून नव्यावर माहिती उतरवावी लागेल, आणि दोन मेशमध्ये बाप-लेकाचं नातं नसल्यामुळे प्रत्येक वेळी थोडी झीज होत राहील. ४०० स्टेपमध्ये ऐंशी वेळा रीमेश केलं तर ती झीज दिसायला लागते. एएमरेक्सचं नावही कानावर येईल. तो ब्लॉक-स्ट्रक्चर्ड मेशचा, मुख्यतः फायनाइट व्हॉल्यूमवाल्यांचा प्रांत आहे. आपल्या वाटेला तो येत नाही.

आता एक सापळा सांगते. यात आमच्याकडे आलेला जवळजवळ प्रत्येक नवा मुलगा किंवा मुलगी पडली आहे. झाडाच्या पद्धतीत मेश सुरुवातीच्या मेशपेक्षा जाड होऊ शकत नाही. मूळ मेश म्हणजे झाडांची बुडं, त्याच्या खाली काही नाही. ग्राहकाकडून सात लाख टेट्रांची फाइल येते, प्रत्येक फिलेट आणि प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवती सुरेख बारीक केलेली. तीच सुरुवात म्हणून लायब्ररीला दिली, की अ‍ॅडाप्टिव्हिटी सात लाखांपासूनच सुरू होते आणि खाली उतरतच नाही. त्यात डील-टूच्या पी-फॉरेस्टवाल्या मेशमध्ये हा मूळ मेश प्रत्येक प्रोसेसकडे पूर्णच्या पूर्ण असतो. बत्तीस प्रोसेस, बत्तीस प्रती. मग मेमरी संपली म्हणून लायब्ररीच्या नावाने बोटं मोडायची! तुम्हाला मूळ मेश मुद्दाम ओबडधोबड बनवावा लागेल, दोन-पाच हजार एलिमेंटचा. जीमेशमध्ये इतकी वर्षं कमावलेली सवय उलटी फिरवावी लागते, आणि मनाला ते पटायला वेळ लागतो.

ओबडधोबड मेश घेतला की आकाराचा प्रश्न येतो. दहा मिलिमीटर व्यासाचं भोक आठ सरळ कडांनी काढलं, तर प्रत्येक कडेच्या मध्यावर कमान आणि जीवा यांच्यात ०.३८ मिलिमीटरचं अंतर राहतं. मेश कितीही बारीक करा, नवे नोड त्या सरळ कडेवरच पडतात आणि भोक अष्टकोनीच राहतं. अर्ध्या मिलिमीटरच्या एलिमेंटपर्यंत जायचं आणि आकारात ०.३८ ची चूक ठेवायची, याला अर्थ नाही. डील-टूमध्ये यासाठी मॅनिफोल्ड जोडता येतात: दंडगोल आहे एवढं सांगितलं की नवा नोड दंडगोलावर बसतो. कॅडच्या पृष्ठभागासाठी ओपन कॅस्केडचा आधारही आहे. एमफेम मेशच वक्र ठेवते, त्यामुळे दुसऱ्या किंवा तिसऱ्या ऑर्डरच्या मूळ मेशमध्ये कमान आधीच बऱ्यापैकी पकडली जाते. सीमपासून लांबच्या भोकांबद्दल मात्र जीव टाकू नका, उष्णतेला तो अष्टकोन दिसतही नाही.

आता माहितीच्या वाहतुकीकडे येऊ. माझे हात सगळ्यात जास्त पोळले ते इथे. मेश बारीक करताना काही हरवत नाही, कारण जाड एलिमेंटचं फंक्शन बारीकवर जसंच्या तसं मावतं. जाड करताना मात्र माहिती टाकावीच लागते. एका मितीत बघा: चार मिलिमीटरचा बाप, त्याची दोन-दोन मिलिमीटरची दोन पोरं, तीन नोडवर तापमान १००, ३०० आणि १००. पोरांवर क्षेत्रफळ काढलं तर ४०० अधिक ४००, म्हणजे ८००. मधला नोड काढून टाकला आणि टोकं तशीच ठेवली, तर बापावर उरतात १०० गुणिले ४, म्हणजे ४००. निम्मी उष्णता गायब. उलटंही होतं: ३००, १००, १०० असतील तर आधी ६००, नंतर ८००, उष्णता हवेतून आली! कागदावर हे हास्यास्पद वाटतं, कारण इतक्या तीव्र उताराच्या जागी कुणी मेश जाड करणार नाही. पण कोड करतो, तुम्ही निकष घाईने लावला की करतोच.

आमच्या एका प्लेटवर सीमपासून वीस मिलिमीटरवर थर्मोकपल लावला होता. मोजमाप २१० अंशांच्या आसपास शिखर दाखवत होतं, कोड १८० वर थांबत होता. आम्ही आधी आर्कची एफिशियन्सी वाढवून पाहिली, मग हवेला जाणाऱ्या उष्णतेचा गुणांक कमी केला. आकडा जुळला, म्हणून खूशही झालो. पुढच्या प्लेटवर टॉर्चचा वेग बदलला आणि सगळं पुन्हा बिघडलं. तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने प्रत्येक मेश बदलाच्या आधी आणि नंतर प्लेटमधली एकूण उष्णता छापायला सांगितली. दर बदलाला थोडी गळती होत होती, ऐंशी बदलांत ती डोळ्यात भरण्याइतकी झाली होती. टॉर्चच्या मागे आम्ही फार लवकर मेश जाड करत होतो, एवढाच दोष. आर्कची एफिशियन्सी बिचारी उगाच बदलली गेली.

तेव्हापासून ती छापणारी ओळ आमच्या प्रत्येक कोडमध्ये आहे, आणि तुम्हीही लायब्ररी कुठलीही घेतली तरी ती पहिल्याच दिवशी घाला. डील-टूचं सोल्युशन ट्रान्सफर इंटरपोलेशन करतं. ऊर्जा जशीच्या तशी राखण्याची हमी ते देत नाही. लिबमेशमध्ये ईक्वेशन सिस्टम्सना रीइनिट म्हटलं की सोल्युशन नव्या मेशवर आपोआप प्रोजेक्ट होतं, सोय छान आहे, पण म्हणून हिशोब तपासायचा राहू नये. गळती जास्त वाटली तर जाड करण्याआधी एल-टू प्रोजेक्शन (मधला नोड नुसता न गाळता सरासरीने सगळ्यात जवळचं फंक्शन बसवणं) करा, किंवा मागचा पट्टा थोडा जास्त वेळ बारीक राहू द्या. दुसरा उपाय आळशी आहे आणि बहुतेकदा तोच पुरतो. वितळण्याची सुप्त उष्णता धरत असाल तर तापमानाऐवजी एन्थाल्पीची (सुप्त उष्णता धरून एकूण उष्णतेची) बेरीज छापा, नाहीतर घोळ लपून राहील.

हे झालं तापमानाचं. तुम्हाला डिस्टॉर्शन आणि रेसिड्युअल स्ट्रेस हवे असतील, आणि वेल्डिंगवाल्याला ते हवेच असतात, तर गॉस पॉइंटवरचा प्लास्टिक स्ट्रेनही नव्या एलिमेंटवर न्यावा लागेल. तो नोडवर राहत नाही, म्हणून नेहमीची ट्रान्सफर त्याला ओळखत नाही. डील-टूमध्ये यासाठी कंटिन्युअस क्वाड्रेचर डेटा ट्रान्सफर नावाचा क्लास तयार आहे: गॉस पॉइंटवरची किंमत एलिमेंटपुरत्या पॉलिनॉमिअलवर बसवतो, ते नव्या एलिमेंटवर नेतो आणि तिथल्या गॉस पॉइंटवर पुन्हा वाचतो. माझा कौल डील-टूकडे झुकतो त्याचं अर्धं कारण हा एक क्लास आहे. एक सावधगिरी: अशा बसवणीत इक्विव्हॅलंट प्लास्टिक स्ट्रेन कधी कधी शून्याखाली जातो. तो शून्यावर छाटून घ्या, नाहीतर हार्डनिंगचा कर्व्ह भलतंच काहीतरी परत देतो.

कुठे बारीक करायचं, हा प्रश्न तुमच्यासाठी सोपा आहे. एरर एस्टिमेटरवर (कुठल्या एलिमेंटमध्ये चूक किती, याचा अंदाज देणाऱ्या सूत्रांवर) भरपूर लिखाण सापडेल: झिएन्किविच आणि झू यांचा १९८७ चा, त्याआधीचा केलीचा, डर्फलरची मार्किंगची रीत. पहिल्या दिवशी यातलं काहीही नको. टॉर्च कुठे आहे आणि पुढच्या पाच स्टेपनंतर कुठे असेल ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे. आर्कची उष्णता मांडायला गोल्डाकचा डबल-एलिप्सॉइड स्रोत वापरत असाल तर त्याच्या अक्षांपेक्षा थोडं मोठं एक लंबवर्तुळ घ्या आणि त्यात येईल ते बारीक करा. वेग सेकंदाला ५ मिलिमीटर आणि स्टेप ०.१ सेकंदाची असेल तर टॉर्च एका स्टेपला एक एलिमेंट ओलांडते. दर पाच स्टेपनी मेश बदलला तर पुढच्या बाजूला किमान अडीच मिलिमीटरचा राखीव पट्टा हवा, मी चार ठेवते. मागे काय जाड करायचं ते ठरवायला मात्र केली एस्टिमेटर उपयोगी पडतो, कारण गरम पट्टा किती लांब ओढला जाईल हे प्लेटच्या जाडीवर आणि वेगावर अवलंबून असतं, अंदाजाने जमत नाही.

स्ट्रेसवर एस्टिमेटर लावणार असाल तर कमाल पातळी आधी बांधून घ्या. वेल्डच्या टोवर (वेल्ड आणि प्लेट जिथे भेटतात त्या कडेवर) आतल्या बाजूला धारदार कोपरा असेल तर तिथला इलॅस्टिक स्ट्रेस मेश बारीक कराल तितका वाढतच जातो, त्याला अंत नाही. एस्टिमेटर त्या कोपऱ्याच्या मागे वेड्यासारखा धावतो आणि सगळे एलिमेंट तिथेच खर्च करतो. आमच्या एका रनमध्ये निम्म्याहून जास्त एलिमेंट अशा एका कोपऱ्यात जाऊन बसले होते, जिथे खऱ्या पार्टला दोन मिलिमीटरची त्रिज्या होती आणि मॉडेल करणाऱ्याने ती गाळली होती. मॉडेल मीच केलं होतं.

इथवरचा हिशोब असा: परत जाड करता येणं बंधनकारक, म्हणून सांधेजोड टेट्रा बाद, गॉस पॉइंटची वाहतूक हवी, म्हणून डील-टू पुढे, मूळ मेश ओबडधोबड हवा, तो कुठल्याही लायब्ररीत. राहिला प्रश्न तुमच्या पार्टचा आणि तिन्ही लायब्ररींच्या स्वभावाचा.

डील-टूची अ‍ॅडाप्टिव्हिटी क्वाड आणि हेक्सावर उभी आहे. टेट्राची सोय त्यात नंतर आली, पण लटकत्या नोडच्या कामासाठी तिच्यावर विसंबू नका. तेव्हा प्रश्न हा, की तुमचा ब्रॅकेट हेक्सात बसतो का? वाकवलेल्या पत्र्याचे आणि प्लेटचे जोड बहुतेकदा बसतात, तुकडे पाडून स्वीप करायला अर्धा दिवस लागतो, पण ओबडधोबडच मेश हवा असल्यामुळे ते काम वाटतं तितकं जाचक नसतं. कास्टिंगचा पार्ट असेल तर विसरा. प्रत्येक टेट्राचे चार हेक्सा करण्याचा पर्याय जीमेशमध्ये आहे, पण त्यातून निघणारे हेक्सा तिरपे-तारपे असतात आणि प्लास्टिसिटीत ते त्रास देतात. मी एकदा केलं, पुन्हा करणार नाही. डील-टूची खरी दौलत तिचे ट्यूटोरियल प्रोग्रॅम आहेत. स्टेप-६ मध्ये अ‍ॅडाप्टिव्हिटी, स्टेप-२६ मध्ये काळासोबत बारीक आणि जाड होणाऱ्या मेशवर उष्णतेचं समीकरण, स्टेप-४० मध्ये समांतर पद्धतीने अ‍ॅडाप्टिव्ह मेश (तिथे समीकरण लाप्लासचं आहे), स्टेप-१८ मध्ये गॉस पॉइंटवर इतिहास सांभाळणारी इलॅस्टिसिटी. तुमचं काम म्हणजे २६ आणि १८ यांचं लग्न लावणं आहे. या लायब्ररीला २००७ साली न्यूमरिकल सॉफ्टवेअरचा विल्किन्सन पुरस्कार मिळाला, आणि त्यातला बराच वाटा या समजावून सांगण्याचा असावा असं मला आपलं वाटतं.

लिबमेश टेट्रा, हेक्सा, प्रिझम सगळं घेते, हँगिंग नोडसह बारीक करते आणि जाडही करते. मेश मिश्र असेल, सीमजवळ हेक्सा आणि बाकीच्या कास्टिंगमध्ये टेट्रा, तर तिच्याइतकी बिनतक्रार कोणी नाही. तिच्या उदाहरणांत काळासोबत बदलणाऱ्या मेशचं एक उदाहरण आहे, तिथून सुरुवात करा. आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीचा मूस हा फ्रेमवर्क लिबमेशवरच उभा आहे. त्यात कुठे बारीक करायचं ते इनपुट फाइलमध्ये लिहिता येतं. घरचा कोड सोडायची तयारी असेल तर मूस गंभीरपणे बघा, निम्मं लिखाण वाचेल.

एमफेमची ताकद हाय-ऑर्डर एलिमेंट, वक्र मेश आणि जीपीयू ही. उभारायलाही ती सगळ्यात हलकी. सीरियल आवृत्तीला बाहेरची एकही लायब्ररी लागत नाही, समांतरला हायपर आणि मेटिस. तिचं उदाहरण क्रमांक १५ काळासोबत बारीक आणि जाड होणाऱ्या मेशचं आहे आणि पन्नास मिनिटांत तुमच्या मशीनवर चालेल. तिच्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी नाशिकमध्ये काम करणाऱ्याने लक्षात ठेवावी. इथे वाइनरीच्या स्टेनलेस टाक्यांचं काम भरपूर असतं, दोन-तीन मिलिमीटरचा पत्रा, लांबलचक सीम. असा पत्रा तिन्ही दिशांनी विभागला तर जाडीतही एलिमेंट दुप्पट होत जातात, जिथे त्यांची गरज नसते. एमफेम हेक्साला एकाच दिशेने विभागू देते. डील-टूच्या साध्या सीरियल मेशमध्येही ही सोय आहे, पण पी-फॉरेस्टवाल्या समांतर मेशमध्ये नाही, आणि लिबमेशमध्ये विभागणी सगळ्या दिशांनीच होते. तुमचं काम पत्र्याचं असेल तर माझं उत्तर बदलतं: एमफेम घ्या आणि गॉस पॉइंटची वाहतूक स्वतः लिहा.

लायसन्सकडे कुणी बघत नाही आणि मग ग्राहक विचारतो तेव्हा धावपळ होते. एमफेम बीएसडी, लिबमेश एलजीपीएल, पी-फॉरेस्ट जीपीएल. तुम्ही फक्त रिपोर्ट देत असाल तर यातल्या कशानेच अडत नाही. एक्झिक्युटेबल ग्राहकाच्या हातात देणार असाल, तर डील-टूसोबत पी-फॉरेस्ट जोडलेली आहे हे विसरू नका, आणि वकिलाला आधी विचारा.

वीज गेल्याचंही सांगायला हवं, कारण इथे ती जाते. मेश बदलत असला की रीस्टार्ट फाइलमध्ये नुसता सोल्युशन वेक्टर लिहून भागत नाही, झाडही लिहावं लागतं. डील-टूचा समांतर मेश झाड आणि त्याला जोडलेली माहिती एकत्र सेव्ह करतो, आणि नंतर वेगळ्या संख्येच्या प्रोसेसवरही उघडतो. एमफेम नॉन-कन्फॉर्मिंग मेश त्याच्या पिढ्यांसकट फाइलमध्ये लिहिते. घरच्या कोडची जुनी रीस्टार्ट फाइल इथे निरुपयोगी आहे, ते काम वेळापत्रकात वेगळं धरा.

हे सगळं सरकत्या टॉर्चसाठी झालं. तुमच्या जागी दिंडोरी रोडवरच्या मेरीसारख्या (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारख्या) ठिकाणी धरणांवर काम करणारं कोणी असतं आणि गंगापूरसारख्या मातीच्या धरणातून होणाऱ्या स्थिर पाझराचा प्रश्न असता, तर मी नेमकं उलट सांगितलं असतं. तिथे दोन मितींचा छेद पुरतो, पाझराची रेषा एका जागी स्थिरावते, मेश फक्त बारीकच होत जातो आणि इतिहास वाहून न्यायचा नसतो. त्याला त्रिकोण आणि पायथन पुरेत. डॉल्फिनएक्स किंवा अगदी स्किट-फेम ही पायथनची लायब्ररीही चालेल. त्या कामासाठी डील-टू शिकत बसणं म्हणजे पंचवटीला जायला मुंबईहून गाडी बदलण्यासारखं आहे.

सुरुवात कुठून करायची? घरचा कोड लगेच मोडू नका. वर दिलेली २०० × १०० × १२ ची प्लेट घ्या, ३७५० हेक्सा, डील-टूच्या स्टेप-२६ वरून फक्त उष्णतेचा भाग लिहा, सरकता स्रोत घाला, लंबवर्तुळाचा निकष लावा आणि एकूण उष्णता प्रत्येक मेश बदलाच्या आधी-नंतर छापा. हीच प्लेट तुमच्या आजच्या कोडने एकसारख्या अर्ध्या मिलिमीटरच्या मेशवर चालवा. सीमपासून १०, २० आणि ३० मिलिमीटरवरचे तीन तापमान-काळ आलेख एकावर एक ठेवा. दोन आठवड्यांचं काम आहे. तीनही ठिकाणी शिखर पाच-सात अंशांच्या आत जुळलं तर मेकॅनिकल भागाकडे वळा. जुळलं नाही तर आर्कच्या एफिशियन्सीला हात लावण्याआधी उष्णतेची ती छापलेली रांग मला पाठवा, आणि पार्टचं एखादं चित्रही, म्हणजे हेक्सात बसतो की नाही ते बघता येईल.